नवा पीसी जोडला, पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही – मदत हवी आहे

मंडळी, धाकट्या बहिणीसाठी पीसी असेंबल केलाय आणि तो काही केल्या पुढे सरकत नाही. तिला थ्रीडी मॉडेलिंग करायचंय. जुन्या लॅपटॉपवर एक सीन रेंडर व्हायला अख्खी रात्र जाते, म्हणून तिने पैसे साठवून एकेक पार्ट घेतला. सगळं नवंकोरं आहे, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय.

पार्ट असे: रायझन ५ ९६००एक्स, बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर५ ६००० च्या १६-१६ जीबीच्या दोन रॅम, एनव्हीएमई एसएसडी, ७५० वॉटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणि ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड.

बटण दाबलं की सगळे पंखे फिरायला लागतात आणि फिरतच राहतात. मॉनिटरवर 'नो सिग्नल'. बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे आहेत: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. त्यातला सीपीयूचा लाल दिवा लागतो, मध्येच डीरॅमचा पिवळा लुकलुकतो आणि परत लाल लागतो तो तसाच राहतो. कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबलं तर त्याचाही दिवा लागत नाही. म्हणजे सुरू होताना पीसी स्वतःचे पार्ट तपासतो ती पायरी, पोस्ट, तिथपर्यंतच मशीन पोचत नाहीये. विंडोज किंवा एसएसडीचा प्रश्न नसावा असं मला वाटतं.

डीडीआर५ ला पहिल्यांदा मेमरी ट्रेनिंगसाठी (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो त्याला) वेळ लागतो हे वाचलं होतं, म्हणून अर्धा तास हात न लावता तसंच ठेवून पाहिलं. फरक शून्य. ग्राफिक्स कार्ड काढलं आणि मॉनिटरची केबल थेट मदरबोर्डला लावली (या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे). रॅम एकच ठेवली, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, मग तिथेच दुसरी लावून पाहिली. प्लग काढून, सेल काढून सीमॉसही (बोर्डात साठवलेली सेटिंग) क्लिअर केला.

शेवटी कूलर उतरवून प्रोसेसर बाहेर काढला. एएम५ मध्ये (या प्रोसेसरच्या सॉकेटचा प्रकार) पिना प्रोसेसरला नसतात, सॉकेटमध्ये असतात, १७१८. टॉर्च तिरपा धरून एकेक ओळ पाहिली. वाकलेली पिन असती तर तिथे चमक वेगळी दिसली असती, पण सगळ्या ओळी एकसारख्या चमकत होत्या. नवी थर्मल पेस्ट लावून परत बसवला.

आता प्रोसेसर गेलाय की बोर्ड, हे ठरवायचं कसं? दुसरा एएम५ प्रोसेसर हाताशी नाही. परत करायची मुदत संपत आलीय आणि चुकीची वस्तू परत पाठवायची नाहीये.

प्रतिसाद

प्रोसेसरच्या वरच्या कोपऱ्यातली ८ पिनची केबल कुठली लावलीय? ग्राफिक्स कार्डचीही ८ पिनचीच असते. आणि बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून पाहिला का? मागे एखादा जास्तीचा स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर बसतो तो धातूचा छोटा खुंट) टेकत असेल तर शॉर्ट होतो.

धागाकर्ती

४+४ वालीच आहे, तिच्यावर सीपीयू असं छापलंय. तुमचं वाचून आत्ता बोर्ड बाहेर काढला, त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला आणि पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडून सुरू केला. तोच लाल दिवा.

प्रतिसाद

इतकं तपासलंत, पण बायोसचं (पीसी सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) व्हर्जन कुठे दिसलं नाही. माझा सगळा संशय तिथेच आहे. बी६५० बोर्ड ऑक्टोबर २०२२ मध्ये आले, ९६००एक्स आला ऑगस्ट २०२४ मध्ये. बोर्ड आधीच्या लॉटमधला असेल तर त्यातल्या बायोसला हा प्रोसेसर ओळखताच येत नाही. सॉकेटमध्ये तो नीट बसतो, पंखे फिरतात, पण पुढे काही होत नाही. पार्ट खराब असण्यापेक्षा ही शक्यता कितीतरी जास्त आहे, तेव्हा परत पाठवायची घाई करू नका.

बोर्डावर किंवा खोक्यावर व्हर्जनचं छोटं स्टिकर असतं का बघा. मग कंपनीच्या साइटवर, तुमच्याच बोर्डाच्या पानावर, प्रोसेसरची यादी उघडा. ९६००एक्स समोर किमान कुठलं बायोस लागतं ते दिलेलं असतं.

मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर डिस्प्ले नसतानाही अपडेट होतं, त्याला चालू प्रोसेसर लागत नाही. छोटा, साधा पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा. झिप फाइल उघडून आतली बायोसची फाइल थेट पेनड्राइव्हवर टाका, फोल्डरमध्ये नको. मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव तिला अक्षरशः तसंच द्या. नाव चुकलं तर दिवा थोडा लुकलुकून बंद पडतो. पेनड्राइव्ह खूण केलेल्या पोर्टमध्येच लावा. २४ पिन आणि ८ पिनच्या दोन्ही केबल जोडलेल्या, एसएमपीएसचा स्विच चालू, पण पीसी बंद. मग बटण दाबून धरा. दिवा लुकलुकायचा पूर्ण थांबेपर्यंत कशालाही हात लावू नका. मध्येच वीज गेली तर परत पहिल्यापासून करावं लागेल, म्हणून यूपीएस असेल तर त्यावरच जोडा.

धागाकर्ती

डिस्प्ले आला!! स्टिकरवरचं व्हर्जन साइटवर शोधलं तर ते २०२३ मधलं निघालं, आणि ९६००एक्स साठी त्याच्या बरंच पुढचं हवं होतं. फ्लॅशबॅकचा दिवा आधी सावकाश, मग भराभर लुकलुकला आणि विझला. त्यानंतर सुरू केल्यावर पिवळा दिवा बराच वेळ तसाच राहिला, धीर सुटत होता, आणि एकदम बायोसची स्क्रीन! ९६००एक्स आणि ३२ जीबी, दोन्ही दिसतायत. बहीण शेजारी उभी होती, तिने मला मिठीच मारली. तुम्हा दोघांचे मनापासून आभार, नाहीतर धडधाकट प्रोसेसर परत गेला असता.

एकच शंका उरलीय. रॅम ४८०० वर चालत होती म्हणून एक्सपो (रॅम तिच्या छापील वेगाने चालवायचं सेटिंग) चालू केलं. आता ६००० दिसतं, पण दर वेळी सुरू होताना स्क्रीन बराच वेळ काळी राहते. मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर नावाचा ऑप्शन दिसतोय, तो चालू करू का?

प्रतिसाद

करा, पण लगेच नको. आधी ६००० वरच रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) चालवा. एकही एरर आला नाही तर तो ऑप्शन चालू करा. मग ट्रेनिंगचा निकाल साठवून ठेवला जातो आणि बूट भरकन होतं. एरर आला तर एक्सपो बंद करून ४८०० वर टेस्ट घ्या. तिथेही आला तरच रॅम बदलून मागा. आणि ऑप्शन चालू केल्यावर निळी स्क्रीन यायला लागली तर पहिल्यांदा तोच बंद करून बघा.