मुलगा रात्री किंचाळून उठतो आणि समोर बसलेल्या आईलाही ओळखत नाही: आजार, भीती की बाहेरची बाधा?

प्रश्न: मंगळवार पेठेतील आई

आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. घरात मी, माझे पती, सासूबाई आणि पावणेसहा वर्षांचा मुलगा अशी चार माणसे आहेत. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे गेले तीन आठवडे, मुलाच्या झोपेत एक विचित्र प्रकार सुरू झाला आहे आणि त्यावरून घरात रोज नवा वाद होतो, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मुलगा रात्री दहा-सव्वादहाला झोपतो. साडेअकराच्या आसपास तो एकाएकी किंकाळी फोडून अंथरुणात उठून बसतो. डोळे सताड उघडे असतात, केस घामाने कपाळाला चिकटलेले असतात, छाती धडधडत असते आणि कपाटाच्या वरच्या कोपऱ्याकडे पाहत तो "नको, नको, काढ ते" असे म्हणत राहतो. मी जवळ घेऊ लागले की मलाच दोन्ही हातांनी ढकलतो आणि "आई पाहिजे" म्हणून आक्रोश करतो. समोर बसलेली आई त्याला दिसत नाही, हे पाहून माझ्या हातापायांतले बळच जाते. सात-आठ मिनिटांनी तो आपोआप आडवा होतो, कुशीवर वळतो आणि घोरू लागतो. सकाळी विचारले तर त्याला यातले काहीही आठवत नाही. आठवड्यातून चार वेळा तरी हे होतेच.

सासूबाईंचे म्हणणे असे की, विसर्जनाच्या रात्री आम्ही त्याला पंचगंगा घाटावर उशिरापर्यंत थांबवले, तेथेच त्याला बाहेरचे काहीतरी लागले. त्यांनी दोनदा दृष्ट काढली. मीठ, मोहरी आणि मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या, तरी कोणालाही ठसका लागला नाही, त्यामुळे त्यांची खात्रीच पटली. आता शेजारच्या एका बाईंनी एका देवऋषीचे नाव सुचवले आहे आणि तो अमावास्येच्या रात्री मुलाला घेऊन बोलावतो आहे. माझ्या पतींनी याला स्पष्ट नकार दिला आहे. ते अंगाराही लावू देत नाहीत, आणि मला तेही पटत नाही, कारण मी स्वतः अंबाबाईचा अंगारा लावूनच लहानाची मोठी झाले. हा नेमका काय प्रकार आहे, त्या क्षणी काय करावे आणि देवाधर्माचे काही करणे चूक आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: शाहूपुरीतील एका मुलीचे वडील

ताई, आपले वर्णन वाचताना मला माझ्याच घरातील चार वर्षांपूर्वीच्या रात्री आठवल्या. आमची मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. डॉक्टरांनी याला नाईट टेरर म्हणतात असे सांगितले, आणि माझ्या आईने त्यावर सहज सांगून टाकले की, लहानपणी मीच, म्हणजे मुलीचा बाप, झोपेत उठून सोप्यापर्यंत चालत जात असे. झोपेत चालणे आणि हे किंचाळणे ही एकाच कुळातली भावंडे असून ती बहुधा घराण्यातून येतात, हे मला तेव्हा प्रथम कळले. आपल्या किंवा पतींच्या लहानपणी असे काही होते का, हे सासूबाईंना अवश्य विचारावे. घाटावरच्या भुताचा वाद त्या एका प्रश्नाने निम्मा मिटण्याची शक्यता आहे.

आम्ही केलेली सर्वांत मोठी चूक सांगतो. मी तिला हलवून, तोंडावर पाणी मारून जागी करत असे. त्यामुळे ती अधिकच बिथरत असे आणि पाच मिनिटांचे प्रकरण वीस मिनिटे चाले. पुढे आम्ही फक्त तिच्या बाजूला बसू लागलो. मोठा दिवा लावायचा नाही, प्रश्न विचारायचे नाहीत, ती उठून धावू लागली तर आडवे होऊन वाट अडवायची, एवढेच. आमच्या खोलीला गॅलरी होती, तेव्हा दाराला वरच्या बाजूला कडी बसवून घेतली आणि पलंग काढून गादी जमिनीवर आणली.

दुसरे असे की, एक वही करावी. किती वाजता झोपली, किती वाजता ओरडली, दिवसभरात काय झाले, एवढ्या तीनच गोष्टी त्यात लिहाव्यात. आमच्या वहीत दहा दिवसांतच दिसून आले की, झोपल्यापासून दीड तासाच्या आसपासच सगळे होते आणि दुपारची झोप चुकलेल्या दिवशी तर हमखास होते.

उत्तर: बालरोगतज्ज्ञ, ताराबाई पार्क

मुलाला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, हे प्रथम नमूद करतो. तथापि आपण केलेले वर्णन नाईट टेररशी बऱ्याच अंशी जुळते.

झोप ही रात्रभर एकसारखी नसते. पहिल्या दोन-तीन तासांत लहान मुले अत्यंत गाढ झोपेत असतात आणि त्या गाढ झोपेतून हलक्या झोपेकडे येताना मेंदूचा एक भाग जागा होतो, तर दुसरा झोपलेलाच राहतो. भीतीची सारी यंत्रणा, म्हणजे धडधड, घाम, विस्फारलेल्या बाहुल्या, ही चालू होते. परंतु ओळख पटवणारा आणि आठवण साठवणारा भाग मात्र निद्रिस्तच असतो. म्हणूनच तो आपल्याला ओळखत नाही आणि म्हणूनच त्याला सकाळी काही आठवत नाही. वाईट स्वप्न वेगळे. ते बहुधा पहाटेकडे पडते, मूल पूर्ण जागे होते, आईला घट्ट बिलगते आणि काय दिसले ते सांगू शकते. आपल्या घरात त्या आठ मिनिटांची भीती मोठ्यांच्या मनात राहते आहे, मुलाच्या नाही, ही गोष्ट सासूबाईंनाही शांतपणे समजावून सांगावी.

कारणांमध्ये अपुरी झोप सर्वांत महत्त्वाची असते. मूल जितके थकलेले, तितकी पहिल्या प्रहराची झोप अधिक गाढ आणि तितकाच हा प्रकार होण्याचा संभव अधिक. ताप, भरलेले मूत्राशय, नवी जागा, मोठा आवाज आणि मनावरचा ताण यांनीही तो उद्भवतो. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत १० ते १३ तास आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. आपला मुलगा यंदा पहिलीत गेला असावा. शाळा सकाळची आहे का आणि दुपारची झोप बंद झाली आहे का, ते कळवावे. राज्य शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असे सांगितले, त्यामागे मुलांच्या झोपेचाच विचार होता. विसर्जन मिरवणुकीतील जागरण आणि आवाजाच्या भिंती हे निमित्त नक्कीच ठरू शकते. घाटाचा दोष एवढाच की, त्या वेळी मूल अंथरुणात असायला हवे होते.

आपण एका वाक्यात लिहून पुढे गेलात, पण माझी नजर त्याच शब्दावर अडली: "घोरू लागतो". मूल रोज घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल किंवा झोपेत त्याचा श्वास क्षणभर अडत असेल, तर नाकामागील ॲडिनॉइड नावाची ग्रंथी आणि टॉन्सिल वाढले आहेत का, हे कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून पाहून घ्यावे, कारण श्वास अडल्याने झोप मोडते आणि त्यातून हे प्रकार वाढतात. झोप बिघडवणारी लोहाची कमतरताही एका रक्त तपासणीत समजते. एकाच रात्री अनेकदा आणि दर वेळी हुबेहूब तसेच होत असेल, हातपाय ताठरून झटके येत असतील, लाळ गळत असेल, जीभ चावली जात असेल किंवा दिवसाही असे काही होत असेल, तर ती फिट असू शकते. मग वाट पाहू नये. त्या वेळी मोबाईलवर काढलेली दोन मिनिटांची चित्रफीत डॉक्टरांना दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा अधिक सांगते.

वेळ ठरलेली असल्यास आणखी एक उपाय आहे. रोज ज्या वेळेला ओरडतो, तिच्या पंधरा ते तीस मिनिटे आधी त्याला हळुवार हाक मारून अर्धवट जागे करावे, कूस बदलून घ्यावी, हवे तर लघवीला नेऊन आणावे आणि पुन्हा झोपू द्यावे. दोन ते चार आठवडे हे नियमाने केल्यास अनेक मुलांमध्ये ही साखळी तुटते. औषधाची गरज क्वचितच पडते आणि वाढत्या वयाबरोबर बहुतेक मुलांचा हा त्रास आपोआप थांबतो.

मिरच्यांचा धूर मात्र बंद खोलीत करू नये, ही विनंती. घोरणाऱ्या मुलाच्या श्वासनलिकेला तो अजिबात मानवत नाही.

उत्तर: निवृत्त संस्कृत शिक्षिका, गंगावेस

डॉक्टरांनी जे सांगितले त्यात मी भर घालावी असे काही नाही. परंतु आपल्या तिसऱ्या प्रश्नाला, म्हणजे देवाधर्माचे करावे का याला, अद्याप कोणी हात घातलेला नाही.

मांडूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती अशा अवस्था वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. सुषुप्ती म्हणजे जिच्यात काही इच्छा नाही आणि स्वप्नही नाही, अशी गाढ झोप. आपला मुलगा स्वप्नातून नव्हे, तर या सुषुप्तीच्या उंबरठ्यावरून ओरडतो, असे डॉक्टरांचे म्हणणे आहे. उपनिषदाला मुलांच्या ओरडण्याविषयी काही सांगायचे नव्हते, हे मला ठाऊक आहे. तरीही स्वप्न आणि गाढ झोप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ही समजूत आपल्या परंपरेला नवी नाही, एवढे सासूबाईंना सांगता येईल. सुश्रुतसंहितेत लहान मुलांना पीडा देणारे नऊ बालग्रह वर्णिले आहेत, त्यांत स्कंद, शकुनी, रेवती, पूतना ही नावे येतात. मूल एकाएकी दचकते, रडते, भ्याल्यासारखे करते, हे पूर्वजांनी बारकाईने पाहिले होते आणि हाताशी असलेल्या भाषेत त्याला नाव दिले होते. बाळ झोपेत हसले की सटवाई हसवते असे आपण अजूनही म्हणतो, तसेच हे.

अंगारा लावण्यात मला काहीही गैर वाटत नाही, मात्र तो केव्हा लावायचा हे महत्त्वाचे. साडेअकराला, मूल ओरडत असताना, चौघांनी धावपळ करून अंगारा फासला तर त्याला वेढून उभी राहते ती आपलीच घाबरगुंडी. तोच अंगारा तिन्हीसांजेला किंवा झोपण्यापूर्वी, आजीने मांडीवर घेऊन, रामरक्षा म्हणत लावावा. रामरक्षेत डोक्यापासून पायांपर्यंत एकेका अवयवाचे रक्षण मागितले आहे. म्हणता म्हणता आजीचा हात कपाळावरून डोळ्यांवर, खांद्यांवर, गुडघ्यांवर उतरत जातो आणि मूल तेवढ्यातच पेंगू लागते. माझ्या आजीचा हात खरखरीत होता, त्याला राखेचा आणि तुपाचा वास येई, आणि गुडघ्यांपर्यंतचे श्लोक मी क्वचितच जागेपणी ऐकले.

देवऋषीकडे मात्र नेऊ नये. अमावास्येच्या मध्यरात्री अनोळखी माणसासमोर बसवलेल्या मुलाची झोप तर मोडतेच, शिवाय "तुझ्यात कोणीतरी आहे" हे वाक्य ते आयुष्यभर विसरत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, बांधून ठेवणे, मिरचीची धुरी देणे हा राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणखी एक. सकाळी त्याला "रात्री काय दिसले रे?" असे विचारणे आजपासून बंद करावे. त्याला काही दिसलेले नसते. विचारत राहिलात तर तो आपल्या समाधानासाठी काहीतरी रचून सांगेल आणि मग त्यालाच घाबरेल.

उत्तर: बाबूजमाल दर्ग्याजवळ राहणारी एक आजी

आमच्याकडे मूल दचकले की आयतुल कुर्सी ही कुराणातली आयत पढून त्याच्यावर दम करतात, म्हणजे हलकी फुंकर घालतात. माझ्या नातवालाही हाच त्रास होता. दम मी रोज करत होते आणि घशाच्या डॉक्टरांकडेही घेऊन गेले. दोन्हींत भांडण आहे असे मला कधी वाटले नाही.

पुन्हा मंगळवार पेठेतील आई, पाच आठवड्यांनी

सर्वांचे आभार. डॉक्टरांचा अंदाज बरोबर होता. जूनपासून शाळेची बस पावणेसातला येते, त्यामुळे मुलगा सहाला उठतो. दुपारची झोप बंद झाली आणि रात्रीचे दहा कधीच टळत नव्हते. हिशेब केला तेव्हा तो जेमतेम पावणेआठ तास झोपत होता. मे महिन्यापर्यंत दुपार धरून हीच झोप साडेअकरा तासांची होती. शाळेला वेळेबाबत अर्ज दिला आहे, त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.

सासूबाईंना पतींच्या लहानपणाविषयी विचारले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "हा तर पहिलीत असताना झोपेत उठून तुळशीपाशी जाऊन बसायचा." पतींना हे माहीतच नव्हते. देवऋषीचा विषय त्यानंतर घरात निघालेला नाही. आता साडेआठला दूरदर्शन संच बंद होतो, आजीची रामरक्षा आणि अंगारा होतो आणि नऊपर्यंत मुलगा झोपलेला असतो. सव्वादहाला पती त्याला हाक मारून कूस बदलायला लावतात. अंगारा नको म्हणणारे तेच, पण या कामात एकही दिवस चुकलेले नाहीत.

मागील तीन आठवड्यांत प्रकार दोनदाच झाला. दुसऱ्या वेळी त्याला ताप होता. मी दिवा न लावता बाजूला बसून राहिले आणि घड्याळ पाहिले. चार मिनिटे झाली होती. घोरणे मात्र तसेच आहे, त्यामुळे सोमवारी कान-नाक-घसा तज्ज्ञांची वेळ घेतली आहे आणि सासूबाई बरोबर येणार आहेत.