३८ अंशांना हसू नका
'चंद्रपूरवाले ४५ अंश सोसतात आणि तुम्ही ठाणेकर ३८ला रडता' असं वर कुणीतरी लिहिलंय, त्यावर थोडं.

नुसता आकडा बघून चालत नाही हो. चंद्रपूरची हवा कोरडी, घाम चटकन वाळतो आणि अंग थंडावतं. आपल्याकडे खाडीचा दमटपणा; घाम नुसता ओघळतो, उष्णता शरीरातच साठते. म्हणून तर हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात ४० अंशांपासून करतं, किनाऱ्यावर ३७ पासून (तेही सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त असेल तर). खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी उघड्या मैदानावर कार्यक्रम झाला, तेव्हा पारा ३८च्या आसपासच होता. उष्माघाताने १४ जण गेले.

रात्रींबद्दल तर कुणी बोलतच नाही. घोडबंदरचं काँक्रीट दिवसभर तापतं आणि रात्रभर ती उष्णता बाहेर टाकत बसतं. एसीवाल्यांचं निभतं, वागळे इस्टेटच्या पत्र्याखाली झोपणाऱ्याला सावरायला वेळच मिळत नाही.

आणि घरात कुणी रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत असेल, तर उन्हाळ्यात डोसबद्दल डॉक्टरांना विचारा. मनानं बंद करू नका.