प्रतिसाद: संक्रमणकालीन तरतुदी

वर कुणीतरी लिहिलंय की राज्यघटनेतल्या शेवटच्या संक्रमणकालीन तरतुदी (जुन्या व्यवस्थेतून नव्या व्यवस्थेत जातानाचे नियम) म्हणजे नुसता भरणा. मला हे अजिबात पटत नाही. अमेरिकेतल्या अलास्का राज्याची घटना बघा. 1956 मध्ये लोकांनी मंजूर केली, पण लागू झाली 3 जानेवारी 1959 ला, राज्याचा दर्जा मिळाल्यावर. त्या दिवशी जुने कायदे एकदम गळून पडले असते तर? चालू खटले, कर्जं, येणी कुणाची? घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने, म्हणजे याच संक्रमणकालीन तरतुदींनी, ही सगळी सोय केली. घटनेशी विसंगत नसलेले कायदे चालू राहिले, राज्य होण्याआधीच्या अलास्का प्रदेशाची देणी नव्या राज्याने घेतली, नवी न्यायालयं उभी राहीपर्यंत जुनीच काम करत राहिली. यातलं न्यायालयांचं कलम मला सर्वांत मोलाचं वाटतं, कारण दाद मागणारा माणूस थांबू शकत नाही.