मदत हवी आहे: लाईन अर्धी रिकामी, तरी रोज दुपारी सोलर प्लांटचं जनरेशन का कमी करायला लावतात?

नमस्कार मंडळी, मी मूळची सोलापूरकडची, सध्या राजस्थानात फलोदीजवळ एका ३०० मेगावॅटच्या सोलर प्लांटवर शिफ्ट इंजिनिअर आहे. लोड डिस्पॅच (ग्रिडवर किती वीज सोडायची ते ठरवणारं केंद्र) किंवा ट्रान्समिशनमधलं कुणी इथे असेल तर प्लीज सांगा, माझं खरंच अडलंय.

होतं असं की सकाळी साडेदहाच्या सुमारास फोन येतो, जनरेशन खाली घ्या. मग प्लांट कंट्रोलरला १८० चा सेटपॉइंट द्यायचा की स्क्रीनवर चढत चाललेला कर्व्ह सुरीने कापल्यासारखा सपाट होतो तो थेट तीनपर्यंत. रात्रभर क्लीनिंग रोबो फिरवून पॅनलवरची धूळ काढलेली असते, ऊन रणरणतंय, आणि आपणच इन्व्हर्टरला थांब म्हणायचं. रोज जीवावर येतं. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाईन चालू होऊन दक्षिणेचं ग्रिड बाकी देशाला जोडलं गेलं, तेव्हा मी शाळेत होते, बाबांनी मुद्दाम स्कूटरवरून टॉवर दाखवायला नेलं होतं, तेव्हापासून या फील्डचं वेड आहे म्हणून जास्तच लागतं.

कारणं थोडीफार माहिती आहेत. प्लांट वर्ष-दीड वर्षात उभा राहतो, लाईनला त्याहून बराच वेळ लागतो, त्यात माळढोकसाठी तारा जमिनीखाली घालायचा सुप्रीम कोर्टाचा २०२१ चा आदेश, जो मार्च २०२४ मध्ये बदलला. शिवाय ३० जून २०२५ पर्यंत सुरू होणाऱ्या प्रोजेक्टना आंतरराज्य ट्रान्समिशन चार्जेस पूर्ण माफ होते, म्हणून तेव्हा सगळ्यांचीच घाई झाली. आमच्या वाट्याची लाईन अजून झालेली नाही, त्यामुळे आम्ही टेम्पररी जीएनएवर (ग्रिड वापरायची तात्पुरती परवानगी) आणि कॉरिडॉर भरला की पहिली कात्री आमच्यावरच. इथपर्यंत कळलं.

कळत नाही ते हे की सबस्टेशनवाला मित्र सांगतो लाईन पन्नास-पंचावन्न टक्केच लोडेड आहे, मग उरलेली जागा कुणासाठी ठेवतात? आणि मला साहेबांना बॅटरीची नोट द्यायचीये. साडेचार तास सरासरी १०० मेगावॅट जातात म्हणजे ४५० मेगावॅट-अवर, तेवढी बॅटरी लावून संध्याकाळी तीच वीज त्याच लाईनवरून सोडायची, हा हिशोब बरोबर आहे का?

प्रतिसाद

ताई, ती जागा रिकामी नाही, राखीव आहे. समजा दोन सर्किट आहेत, प्रत्येकाची ताकद ८०० मेगावॅट. एक ट्रिप झालं की त्याचा सगळा लोड क्षणात दुसऱ्यावर येतो, म्हणून दोन्ही मिळून ८०० च न्यायचे. यालाच एन मायनस वन म्हणतात. ३० जुलै २०१२ आठवा, बीना-ग्वाल्हेरचं एक सर्किट कामासाठी बंद होतं, दुसऱ्यावर लोड इतका वाढला की रिलेने ते कापलं आणि अख्खा उत्तर भारत अंधारात गेला.

पण तुमच्याकडे अडतंय नक्की कशामुळे ते आधी शोधा. तार तापून झोळ पडतोय (फलोदीत १९ मे २०१६ ला ५१ डिग्री होतं, तिथे हे आलंच) तर एचटीएलएस कंडक्टर (तापला तरी कमी झोळ पडणारी तार) किंवा वाऱ्या-तापमानाप्रमाणे बदलणारं लाईन रेटिंग हा उपाय. व्होल्टेज बसत असेल तर स्टॅटकॉम (व्होल्टेज सावरणारं उपकरण), आणि तुमच्या इन्व्हर्टरकडूनही रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर (व्होल्टेज टिकवायला लागणारी पॉवर) मिळू शकते, ती सेटिंग बघितलीत का?

बॅटरीचं म्हणाल तर संध्याकाळी सोलर शून्य असल्याने लाईनवर जागा मिळते, ते बरोबर. पण सरासरी धरू नका, भर दुपारी ३०० चे १८० होतात म्हणजे १२० घेणारी हवी. टाकलेल्यातले दहा-पंधरा टक्के जातातही. आणि मुख्य म्हणजे लाईन झाली की ही कपात आटेल, मग बॅटरी संध्याकाळच्या दरावर जगली पाहिजे. नोटमध्ये ते गणित आधी मांडा.

धागाकर्ती

खूप खूप आभार दादा, लाईन आल्यानंतरचा विचार मी केलाच नव्हता. आत्ता लॉग उघडलाय, परवा दुपारी सव्वाबाराला आमचा ४०० केव्हीचा बस (सगळ्या लाईन जोडलेला मुख्य वाहक) ३८८ दाखवतोय आणि तीन वाजून गेल्यावर ४१२. म्हणजे व्होल्टेजचंच असावं ना? इन्व्हर्टर युनिटी पॉवर फॅक्टरवर ठेवलेत, म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर देतच नाहीत, तेही आत्ताच बघितलं. पूर्ण आठवड्याचे आकडे काढून उद्या शिफ्ट संपल्यावर इथेच टाकते.