88व्या स्तोत्रातल्या माणसाला धीर देऊ नका

निशिगंध:
हिब्रू शास्त्रातली, म्हणजे बायबलच्या जुन्या करारातली, विलापाची स्तोत्रं बहुतेक शेवटाकडे वळतात, देवाचे आभार मानतात. 88वं वळत नाही. जवळची माणसं दुरावली, उरला तो अंधार, आणि तिथेच ते संपतं. हा माणूस मरणाला भितोय, पण दुखणं त्याहून खोल आहे. मेलेल्यांसाठी तू चमत्कार करतोस का, थडग्यात तुझ्या प्रेमाची कथा कोण सांगणार, असं तो देवालाच विचारतो. त्याच्या अधोलोकात, म्हणजे मेलेल्यांच्या जगात, आग नाही, छळ नाही; देवाशी बोलणंच खुंटतं. आजारातून उठलेला हिज्कीया राजाही यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या 38व्या अध्यायात हेच म्हणतो. अशा माणसाला 'होईल सगळं ठीक' म्हणणं मला त्याचा अपमान वाटतो.

माळावरचा:
थोडं थांबा. 139व्या स्तोत्रात कवी म्हणतो, अधोलोकात अंथरूण टाकलं तरी तिथेही तू आहेस. मग संबंध तुटतो हा सगळ्या शास्त्राचा सूर कसा? शिवाय 88व्याची सुरुवातच 'माझ्या उद्धाराच्या देवा' अशी आहे. ज्याची आशा संपली तो रात्रंदिवस हाका कशाला मारेल?

निशिगंध:
हाका मारतोय, मान्य. उत्तर कुठे आलंय? मेलेले उठतील ही आशा दानीएलच्या पुस्तकातल्या 12व्या अध्यायात स्पष्ट येते, पण ती बरीच उशिराची. ती मागे नेऊन 88व्याची पोकळी बुजवू नये.

कातरवेळ:
मला दोघांचंही अर्धंच पटतंय. दावीद राजाकडे बघा. तान्हं लेकरू आजारी, तेव्हा हा उपाशी, जमिनीवर पडून. सातव्या दिवशी ते जातं. हा उठतो, अंघोळ करतो, कपडे बदलतो, देवाच्या घरी जातो आणि मग जेवायला मागतो. चाकर चक्रावतात. तो म्हणतो, मी त्याच्याकडे जाईन, ते माझ्याकडे येणार नाही. हाच दावीद, त्याच्याविरुद्ध बंड केलेला मुलगा अबशालोम लढाईत गेल्यावर, वेशीवरच्या माडीत चढतो आणि 'माझ्या लेका, तुझ्याऐवजी मी मेलो असतो तर' एवढंच बोलत राहतो. त्या आक्रोशात देवाचं नावही नाही. बाप एकच. यातलं श्रद्धेचं दुःख कुठलं, हे कुणी ठरवायचं?

माळावरचा:
पण तेव्हाही त्याचा सेनापती यवाब त्याला खडसावून खाली आणतोच ना! राजाच्या शोकामुळे, त्याच्यासाठी लढून जिंकून आलेली माणसं मान खाली घालून गावात शिरत होती. शोकाला कुठेतरी बांध लागतो.

निशिगंध:
अबशालोमला भाले खुपसणारा यवाबच होता, हे विसरू नका. त्याच्या सांगण्यावरून दावीद वेशीत येऊन बसला, एवढंच तिथे लिहिलंय. दुःख ओसरलं असं कुठेही नाही.