प्रशिक्षणातच एखादीचा जुना घाव उघडा पडला, तर?

अबोली (फोंडा)

नमस्कार. गेली ११ वर्षं मी समुपदेशन शिकवते. माझ्या वर्गांना शाळांत जाणाऱ्या समुपदेशक येतात, अंगणवाडीताई येतात, कधी बचतगटातल्या बायकाही. गेल्या महिन्यात मानसिक आघातावर दोन दिवसांचं शिबिर घेतलं. १६ जणी होत्या. तिथं जे झालं ते मनातून जात नाही, म्हणून लिहिते आहे.

पहिल्या दिवशी जेवणानंतर भूमिका करून बघायच्या होत्या. तिघी-तिघींचे गट: एक समुपदेशक, एक मदत मागायला आलेली, एक बघणारी. चिठ्ठ्या मीच लिहून नेल्या होत्या. एका चिठ्ठीवर होतं: १५ वर्षांची मुलगी, वडील पिऊन येऊन आईला मारतात, तेव्हा ती धाकट्या भावाला घेऊन न्हाणीघरात कडी लावून बसते. ज्या ताईच्या वाट्याला ती आली, तिनं दोनदा वाचली आणि उठून माझ्याकडे आली. "मॅडम, ही बदलून मिळेल?"

मी म्हटलं, "अहो, करून तर बघा, इथं सगळी आपलीच माणसं आहेत."

तिनं केलं. चार-पाच मिनिटांनी तिची उत्तरं बंद झाली. हात मांडीवर घट्ट, नजर खिडकीबाहेर. शेजारच्या गटातली एक म्हणाली, "किती खरं करते बघा," आणि दोघींनी टाळ्या वाजवल्या. तोवर माझंही लक्ष गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मी फोन केला. "कितेंच जावंक ना (काहीच झालं नाही), मॅडम, बरं नव्हतं एवढंच."

पहिल्या दिवशी सकाळीच मी फळ्यावर पाच शब्द लिहिले होते: सुरक्षितता, विश्वास, निवड, सहकार्य, सक्षमता. आघात सोसलेल्या माणसांशी कसं वागावं यासाठी हॅरिस आणि फॅलट यांनी २००१ मध्ये मांडलेली ही तत्त्वं मी प्रत्येक वर्गात शिकवते. ती ताई निवडच मागत होती. मी ती दिली नाही.

आता तिला पुन्हा फोन करावा की तिच्या मर्जीवर सोडावं? आणि भूमिका बंदच कराव्यात का? सरावाशिवाय समुपदेशन येत नाही, हेही तितकंच खरं. प्रवेशअर्जावर "तुमच्या आयुष्यात असं काही घडलं आहे का" असं विचारायचा सल्ला एकीनं दिला, पण तो मनाला पटत नाही.

कुळागर (म्हापसा)

अबोलीताई, अर्जावर अजिबात विचारू नका. नोकरीशी जोडलेल्या शिबिरात कोण खरं लिहील? आणि लिहिलंच, तर तो कागद कुणाकुणाच्या हाती जाईल? १९९८ मध्ये अमेरिकेत फेलिटी आणि अँडा यांचा बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या कामात पुढं १७ हजारांवर लोकांची माहिती जमली, आणि त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश लोकांनी असा निदान एक तरी अनुभव सांगितला. ती माणसं तिकडची, पण आपल्या हॉलमध्येही कुणीतरी असणार असं धरूनच मी तयारी करते. मग कोण ते शोधावं लागत नाही.

भूमिका बंद करू नका, चिठ्ठ्या बदला. शिकायचं असतं ते कौशल्य: परवानगी घेणं, सावकाश विचारणं, समोरची गप्प झाली की थांबणं. त्याला मारहाणीची गोष्ट लागत नाही. कदंबाच्या बसमध्ये पाकीट हरवलं, शेजारणीशी बोलणं तुटलं, एवढ्यावरही हे सगळं शिकता येतं. जड प्रसंग दाखवायचाच असेल तर मदत मागायला आलेली बाई मी स्वतःच बनते, शिकणारीला ते सोंग देत नाही. आणि "मी फक्त बघेन" हा पर्याय सुरुवातीलाच सांगते, कारण कुणी द्यावं लागत नाही. दोन प्रशिक्षक हवेतच. एक शिकवते, दुसरीचं काम माणसांकडे बघणं. तुम्ही एकट्याच होता ना? तिथंच चुकलं. एकटीला १६ चेहरे दिसत नाहीत.

शिबिरानंतरचंही ठरवा. आपल्याच गोव्यात 'संगत' या संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसोपचाराची पदवी नसलेल्या समुपदेशकांकडून काम करून घेतलं, त्याचे निष्कर्ष २०१० आणि २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. २०१७ च्या कामात समुपदेशक गटानं बसून एकमेकांची ध्वनिमुद्रित सत्रं ऐकत आणि त्यांवर बोलत. आपण दोन दिवस शिकवतो, प्रमाणपत्र देतो आणि सोडून देतो. मग ती बाई गावात एकटीच ते सगळं ऐकत बसते.

माटोळी (सत्तरी)

मी शिकणाऱ्यांतली. २०२१ च्या जुलैत पूर आला तेव्हा आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. सासूबाईंना खाटेवरून उचलून वर नेलं. त्यानंतर काही महिन्यांनी एका शिबिरात आम्हांला डोळे मिटून बसायला सांगितलं आणि मन शांत व्हावं म्हणून पावसाचा आवाज लावला. पावसाचा! मी फोन आल्याचं सांगून बाहेर गेले आणि पायरीवर बसून राहिले. चहापर्यंत कुणी आलं नाही.

त्या दिवशी मला काही सांगायचं नव्हतं. कुणीतरी येऊन नुसतं शेजारी बसलं असतं तर पुरे होतं. म्हणून म्हणते, ताई, फोन करा, पण "काय झालं होतं" हे विचारू नका. तुमच्याकडून जे झालं तेवढंच सांगा.

आणखी एक. शिकवणं सगळं इंग्रजी शब्दांत. ट्रिगर (जुनी भीती जागवणारी गोष्ट), ग्राउंडिंग (मन आत्ताच्या जागेवर आणणं). आमच्या शाळेतली पोरं म्हणतात "म्हाका भंय दिसता" (मला भीती वाटते), "पोटात कसंतरी होतं". मी त्यांना डोळे मिटायला सांगत नाही. पाय जमिनीवर टेकव, खोलीत लाल काय काय दिसतं ते सांग, एवढंच. हे मला कुणी शिकवलं नाही, त्या पायरीवर बसल्या बसल्या मी स्वतः तेच केलं होतं.

डिचोलीकर

मी मुलांच्या खटल्यांत काम करतो, त्या बाजूनं एक सांगतो. शिबिराच्या सुरुवातीला "इथलं इथंच राहील" असं वचन दिलं जातं. ते अर्धंच खरं आहे. बोलता बोलता एखादीनं एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं सांगितलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. ही मर्यादा आधी सांगा. आधी सांगितलं तर विश्वास टिकतो, नंतर सांगितलं तर तो दगा वाटतो. मुलांच्या मदतीचा १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हे दोन्ही नंबर पहिल्याच तासाला फळ्यावर लिहा. मोठ्या माणसाच्या स्वतःच्या जुन्या गोष्टीचं वेगळं. ती कुणाला आणि कधी सांगायची हे तिनंच ठरवायचं.

अबोली (फोंडा)

तिघांचेही मनापासून आभार. माटोळीताई, तुमचं वाचून संध्याकाळी फोन केला. म्हटलं, "तुम्ही चिठ्ठी बदलून मागितली होती, मी बदलली नाही. चूक माझी." पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती म्हणाली, "टाळ्या वाजल्या ते जास्त लागलं."

त्याबद्दल मी काही बोलू शकले नाही. विचारलं फक्त, की तिच्या ओळखीचं कुणी जवळ आहे का. बहीण आहे म्हणाली, तिस्कावर राहते. बाकी मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

गणपतीनंतरच्या शिबिरासाठी माझ्याबरोबर दुसरी प्रशिक्षक घेते आहे. खर्च वाढेल, म्हणून १६ ऐवजी १२ जणीच घेईन की तासच कमी करीन, ते अजून ठरत नाही. चिठ्ठ्या नव्यानं लिहायला घेतल्यात, कोकणी-मराठीतच. पहिल्या चारांत पाकीट, शेजारीण, दहावीचे मार्क आणि हरवलेलं कुत्रं आहे. आणखी सहा हव्यात. कुणाला सुचलं तर इथंच लिहा.