प्रतिसाद: काळा पाणभुंगेरा नेमका कोणता?

पाण्यातला काळा भुंगेरा दिसला की तो डायटिसिडी या पाणभुंगेऱ्यांच्या कुळातलाच, हे फोटोसोबतच्या पोस्टमधलं विधान पटलं नाही. तो हायड्रोफिलिडी या दुसऱ्या कुळातलाही असू शकतो, आणि ते कूळ भुंगेऱ्यांच्या वेगळ्याच उपगणातलं (मोठ्या गटातलं) आहे: डायटिसिडी अ‍ॅडेफॅगात, हे पॉलिफॅगात. बादलीत सोडून बघा. डायटिसिड मागचे दोन्ही पाय एकदम मारतो आणि हवेसाठी शेपटाकडची बाजू वर काढतो; हायड्रोफिलिड पाय आळीपाळीने हलवतो नि डोकं वर करून गदेसारख्या आखूड शृंगिकेने (डोक्यावरच्या मिशीने) हवा पोटाखाली घेतो. पोस्टमधल्या फोटोत ज्यांना मिशा म्हटलंय, ते तोंडाजवळचे लांब पाल्प (चाचपायचे अवयव) आहेत.

बरं, हायड्रोफिलिडी कुळातले सगळेच पाण्यात राहत नाहीत. स्फेरिडिआयनी उपकुळातले बरेच जण चक्क ताज्या शेणात सापडतात.